गिटारच्या वर्षात सिंथेसायझर: 'मेलडी' या अल्बमची पार्श्वभूमी

१९९४ हे अमेरिकन रॉकमध्ये गिटारचं वर्ष होतं. एप्रिलमध्ये 'निर्वाना' बँडचा गायक कर्ट कोबेन गेला, सिअ‍ॅटलच्या ग्रंजची, म्हणजे जड, खरखरीत गिटारच्या रॉकची, लाट ओसरायला अजून वेळ होता, आणि पंक, म्हणजे वेगवान, रांगडा रॉक, पुन्हा वर यायला लागला होता. बँडमध्ये कीबोर्ड असणं म्हणजे दहा वर्षांपूर्वी शिवलेला सफारी घालून लग्नाला जाणं. नेमक्या त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका नव्या, छोट्या कंपनीनं 'जॉय इलेक्ट्रिक' या बँडचा 'मेलडी' नावाचा पहिला अल्बम काढला. गाणी लेमनच्या गोळ्यांसारखी गोड, गाणाऱ्याचा आवाज श्वासाइतका हलका, आणि मागे सगळा सिंथेसायझरचा खेळ. त्यात हा बँड ख्रिस्ती. म्हणजे रॉकवाल्यांना तो जुनाट वाटणार आणि चर्चवाल्यांना विचित्र.

हा अल्बम निघालाच कसा, हे समजायला दोन धागे धरावे लागतात. त्यातला आवाज इंग्लंडमधल्या एका गावातून आला. तो विकायचं दुकान मात्र दक्षिण कॅलिफोर्नियातल्या चर्चांनी आधीच मांडून ठेवलं होतं. संगीतावर लिहिणारे बहुतेक जण पहिला धागा धरतात. माझ्या मते दुसरा जास्त महत्त्वाचा आहे, पण सुरुवात पहिल्यापासून करू.

लंडनच्या पूर्वेला इसेक्समध्ये बॅसिल्डन नावाचं गाव आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर आखून वसवलेलं. तिथल्या मेथडिस्ट चर्चच्या बॉइज ब्रिगेड या मुलांच्या पथकात व्हिन्स क्लार्क आणि अँड्र्यू फ्लेचर ही पोरं एकत्र वाढली. दोघंही त्या वयात मनापासून ख्रिस्ती होती, धर्मप्रचाराच्या मेळाव्यांना जाणारी. पुढे त्यांनी मार्टिन गोर आणि डेव्ह गाहन यांच्याबरोबर जो बँड उभा केला, तो डिपेश मोड. १९८१ साली त्यांचा पहिला अल्बम आला आणि गिटार जवळजवळ बाजूला ठेवून, नुसत्या कीबोर्डांवर रेडिओभर वाजणारं पॉप करता येतं हे सिद्ध झालं. क्लार्क लगेच बाहेर पडला, आधी याझू आणि मग इरेजर हे बँड त्यानं काढले. उरलेल्या डिपेश मोडचा सूर गडद होत गेला. १९८४ मध्ये तर त्यांनी देवाच्या विनोदबुद्धीवरच शंका घेणारं गाणं केलं.

म्हणजे 'चर्चमध्ये सिंथपॉप, म्हणजे सिंथेसायझरवरचं पॉप, कुठून आलं' हा प्रश्नच थोडा उलटा आहे. सिंथपॉपचा सगळ्यात मोठा बँडच चर्चच्या पोरांमधून निघाला होता. कॅलिफोर्नियातल्या किती पाद्र्यांना हे ठाऊक होतं, देव जाणे.

हा आवाज कॅलिफोर्नियात पोचवला रेडिओनं. पासाडिनाचं 'के-रॉक', १०६.७ एफएम, ऐंशीच्या दशकात ब्रिटिश न्यू वेव्ह, म्हणजे पंकनंतरचं नव्या धाटणीचं पॉप-रॉक, दिवसरात्र वाजवायचं. त्याचा परिणाम १८ जून १९८८ ला दिसला. पासाडिनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये साठ हजारांहून जास्त माणसं डिपेश मोडच्या चार सिंथेसायझरवाल्या इंग्रजांना ऐकायला जमली. रविवारी चर्चला जाणाऱ्या घरांतली पोरंही हेच स्टेशन लावत होती. आईबापांनी रेडिओवर बंदी घातली तरी शेजारच्या मोटारीतून ते ऐकू यायचंच.

आता दुसरा धागा. ऑरेंज काउंटीतल्या कोस्टा मेसा इथे कॅल्व्हरी चॅपल नावाचं लहानसं चर्च होतं. चक स्मिथ १९६५ मध्ये तिथे पाद्री म्हणून आले. तीनेक वर्षांत त्यांच्याकडे हिप्पी यायला लागले: लांब केस, फाटक्या जीन्स, अनवाणी पाय. तिथली एक गोष्ट अजून सांगितली जाते. चर्चमध्ये नवा गालिचा अंथरला होता आणि समुद्रकिनाऱ्यावरून आलेल्या पोरांच्या तळव्यांना चिकटलेल्या तेलकट डांबरानं तो खराब व्हायचा. कुणीतरी दाराशी पाटी लावली, अनवाणी येऊ नये म्हणून. स्मिथनी पाटी काढून टाकली आणि विश्वस्तांना बजावलं, की गालिच्यापायी एक जरी पोर बाहेर राहणार असेल तर गालिचाच उखडून टाकू.

गालिचा वाचला की नाही ते सोडा, पोरं मात्र आत आली. येताना गिटारही घेऊन आली. १९७१ मध्ये याच चर्चनं मारानाथा म्युझिक ही कंपनी काढली, आणि त्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकानं मुखपृष्ठावर येशूचं चित्र छापून या सगळ्याला 'जीझस रिव्होल्यूशन' म्हटलं. लॅरी नॉर्मनसारखे लोक १९६९ पासूनच उघड रॉक वाजवत होते. सगळी चांगली गाणी सैतानाकडेच का राहावीत, असा त्याचा सवाल होता.

विरोध अर्थातच झाला. बऱ्याच धर्मोपदेशकांचा राग शब्दांपेक्षा ठेक्यावर होता. चार मात्रांमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जो ठोका पडतो, तो देहाला जागवतो, आत्म्याला नाही, अशी त्यांची मांडणी. टीव्हीवरचे बडे प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी १९८७ मध्ये ख्रिस्ती रॉकविरुद्ध पुस्तकच लिहिलं. आपल्याकडे याच वादाचं टोक दुसऱ्या बाजूला होतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या काळात मराठी चर्चमध्ये विलायती चाली पवित्र मानल्या जात आणि अभंग-कीर्तनाला परधर्माचा वास येई. टिळकांनी टाळ-मृदंगाची वाट मोकळी केली. तिकडे चर्चच्या पोरांना ड्रम हवे होते. कोणतं वाद्य पवित्र हे बहुधा आपल्या आजोबांनी काय ऐकलं यावर ठरतं.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या चर्चच्या पोरांनी मग पंक केलं, न्यू वेव्ह केलं. अंडरकव्हर, आल्टर बॉइज, डॅनियल एमॉस अशा बँडांच्या कॅसेटी निघू लागल्या. त्या विकल्या कुठे जायच्या, हा या कथेतला कळीचा मुद्दा. नेहमीच्या रेकॉर्डच्या दुकानांत त्या क्वचितच मिळत. अमेरिकेत गावोगावी ख्रिस्ती पुस्तकांची दुकानं असत. दर्शनी बाजूला बायबलं, मग रविवारच्या शाळेचं साहित्य, वचनं लिहिलेल्या भिंतीवरच्या पाट्या, आणि कोपऱ्यात कॅसेटींची मांडणी. त्या मांडणीपाशी तक्ते लावलेले असत. डाव्या रकान्यात जगातला बँड, उजव्या रकान्यात त्याच्या जागी ऐकायचा ख्रिस्ती बँड. तुमच्या पोराला अमुक आवडतो का? मग त्याला हा द्या. साखरेऐवजी शुगर-फ्री, तसा प्रकार.

या तक्त्यांची टिंगल करणं सोपं आहे, मीही केली आहे. पण त्यांनी एक दार उघडलं. तक्त्यात डिपेश मोडसमोरची जागा रिकामी असेल तर ती भरणाऱ्याला गिऱ्हाईक आधीच तयार होतं.

ती जागा भरणाऱ्या पहिल्यांपैकी एक म्हणजे मॅड अ‍ॅट द वर्ल्ड. रॉजर आणि रँडी रोझ हे दोघे भाऊ, दक्षिण कॅलिफोर्नियातलेच. थोरला रॉजर पेशानं पोस्टमन. १९८७ मध्ये फ्रंटलाइन रेकॉर्ड्सनं त्यांचा पहिला अल्बम काढला, बँडच्याच नावाचा. काळोखा सिंथपॉप, इंग्रजी वळणाचा गळा, आणि शब्दांत एकटेपणा नि संताप. ज्या साली स्वॅगर्टांचं पुस्तक आलं त्याच साली, हे लक्षात घ्या. दुसरा अल्बम त्याच वाटेवर गेला. १९९० च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत मात्र भावांनी सिंथेसायझर बाजूला सारून गिटारचा जड रॉक धरला. तक्त्यातली जागा पुन्हा रिकामी.

याच सुमारास रॉनी आणि जेसन मार्टिन हे दुसरे दोघे भाऊ पुढे आले. या संगीतात भावांच्या जोड्या इतक्या का, याचं साधं कारण आहे. घरातल्या एका खोलीत दोघांनी मिळून करता येण्यासारखा हा उद्योग होता. ड्रमर शोधायला नको, गॅरेज नको, शेजाऱ्यांची तक्रार नको. मार्टिन बंधूंच्या बँडचं नाव डान्स हाउस चिल्ड्रन. १९९१ आणि १९९२ मध्ये त्यांचे दोन अल्बम ब्लाँड विनिल या कंपनीनं काढले. दुसऱ्याचं नाव नुसतं 'जीझस'.

ब्लाँड विनिल ही मायकेल नॉट या गायकाची कंपनी. नॉट स्वतः आधी फ्रंटलाइनवर होता. तिथे १९८७ मध्ये त्यानं केलेला अल्बम इतका उदास होता की पुस्तकांच्या दुकानांना तो ठेवावा की नाही हेच कळेना. मग त्यानं स्वतःचीच कंपनी काढली आणि कुणी घेणार नाही असे बँड जवळ केले. १९९३ मध्ये ही कंपनी बुडाली. गाणी वाईट होती म्हणून नाही, तिचा वितरक दिवाळ्यात गेला म्हणून. या धंद्याची रीत अशी की माल छापायचा कंपनीनं, दुकानांना पोचवायचा वितरकानं, आणि दुकानांचे पैसेही त्याच्याच हातून परत यायचे. वितरक बुडाला की माल आणि पैसा दोन्ही अडकतात. छोट्या कंपनीला असा एकच धक्का पुरतो.

त्याच वर्षी फ्रंटलाइनमध्ये काम केलेल्या ब्रँडन एबेल या तरुणानं टूथ अँड नेल रेकॉर्ड्स सुरू केली, आधी कॅलिफोर्नियात, मग सिअ‍ॅटलला. बुडालेल्या जहाजावरची काही माणसं या नव्या होडीत चढली. त्यात दोघे मार्टिन होते, पण आता वेगवेगळ्या वल्ह्यांवर. जेसननं स्टारफ्लायर ५९ काढला. गिटारच्या आवाजाची भिंत, गाणं तिच्या मागे कुठेतरी कुजबुजणारं. रॉनीनं जॉय इलेक्ट्रिक काढला, जिथे गिटारला मज्जाव. दोघांचे पहिले अल्बम एकाच वर्षी, एकाच कंपनीवर आले. एका घरातून वाद्यांच्या इतक्या टोकाच्या दोन आवडी निघाव्यात, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वात गमतीचं वाटतं.

'मेलडी'च्या वेळी एक गोष्ट पथ्यावर पडली होती. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला आणि डिजिटल कीबोर्डांची चलती सुरू झाली. जुने अ‍ॅनालॉग, म्हणजे विजेच्या प्रवाहातूनच थेट आवाज घडवणारे, सिंथेसायझर अडगळीत गेले आणि सेकंडहँड बाजारात स्वस्त झाले. एके काळी मोठ्या स्टुडिओलाच परवडणारी यंत्रं हौशी पोरांच्या हाती आली. आज त्याच यंत्रांच्या किमती बघून डोळे पांढरे होतात, तो भाग वेगळा.

रॉनी मार्टिननं पुढे याचा नेमच केला. प्रत्येक आवाज अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमधून काढायचा, ड्रमसुद्धा. हे कसं करतात? दोन स्टेशनांच्या मधे रेडिओ जी खरखर करतो, तशी खरखर यंत्र तयार करतं. ती चाळणीतून काढून तिचा जाडपणा कमी करायचा आणि ती क्षणात उठून क्षणात विझेल अशी बटणं लावायची. झाला स्नेअरचा, म्हणजे खणखणीत छोट्या ड्रमचा, फटका. खालच्या ठोक्यासाठी खोल सुराची एक लाट घेऊन तिची पट्टी डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली सोडायची. डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा वरखाली करतात तसंच, फक्त कितीतरी वेगानं. असा एकेक ठोका घडवून मग तो तालात ओवायचा. बऱ्याच जुन्या यंत्रांना स्मरणशक्तीही नसते. आजची बटणांची जागा कागदावर उतरवून ठेवली नाही तर उद्या तो आवाज पुन्हा सापडेलच असं नाही. खोली तापली की सूरही हलतो, तबला उतरतो तसा.

इतक्या मेहनतीच्या यांत्रिक आवाजावर शब्द मात्र परीकथेतले: मिठाई, खेळणी, लहानपण. इथे चर्चच्या बाजूनं कुरकुर झाली. ख्रिस्ती संगीताच्या धंद्यात एक जुना विनोद आहे, की गाण्यात मिनिटाला किती वेळा 'जीझस' येतं हे मोजूनच दुकानदार कॅसेट ठेवतो. या मोजपट्टीवर 'मेलडी' नापासच. याच माणसाच्या आधीच्या बँडनं एका अल्बमचं नावच 'जीझस' ठेवलं होतं, आणि १९९९ मध्ये जॉय इलेक्ट्रिकच्या एका अल्बमचं नाव 'ख्रिश्चनसाँग्ज' असणार होतं. त्यात त्यानं थोडा चिमटा काढला असावा असा मला संशय आहे.

नापास असूनही बँड टिकला. बाहेर ग्रंज ओसरला, मग इतर लाटा आल्या आणि गेल्या, जॉय इलेक्ट्रिकचे अल्बम निघत राहिले. रॉनी मार्टिन पुढे ओहायोतल्या अ‍ॅशलंड गावी पाद्री झाला. त्याआधी, २००७ मध्ये, दोघे भाऊ 'द ब्रदर्स मार्टिन' नावानं पुन्हा एका अल्बमपुरते एकत्र आले. एकाची गिटार, दुसऱ्याचा सिंथेसायझर, आणि कंपनी तीच, टूथ अँड नेल.