रोआतानच्या ताटातला इतिहास

होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यासमोर कॅरिबियन समुद्रात रोआतान, उतिला आणि ग्वानाहा ही बेटं आहेत. क्रूझ जहाजं थांबतात ती मुख्यतः रोआतानला. बेटावर उतरलेल्या पाहुण्याला ‘पारंपरिक होंडुरन पदार्थ’ म्हणून बलेआदा, शंखाचं सूप, हुदूत, कसावाची भाकरी, नारळाचा पाव अशी नावं एका दमात सांगितली जातात. माझ्या मते ही यादी अशी सरसकट वाचू नये. यातले बरेच पदार्थ या बेटांवर होंडुरासचा झेंडा लागण्याआधीपासून रांधले जात होते, आणि प्रत्येकाबरोबर वेगळी माणसं आली.

मूळचे रहिवासी म्हणजे पेच नावाचे आदिवासी. ३० जुलै १५०२ रोजी, चौथ्या सफरीवर असलेला कोलंबस ग्वानाहाला पोचला. तिथे त्याला व्यापाऱ्यांची एक प्रचंड होडी भेटली. तिच्यात सुती कापड, तांब्याच्या कुऱ्हाडी, खायला कंदमुळं आणि धान्य, प्यायला मक्याची दारू आणि कोकोच्या बिया होत्या. त्यातली एखादी बी खाली पडली की ती माणसं लगबगीने वाकून उचलत, हे कोलंबसाच्या मुलाने लिहून ठेवलं आहे. पुढे दीडशे वर्षांत स्पॅनिशांनी बेटं रिकामी केली. पेच लोकांचा स्वयंपाक इथे टिकला नाही, कारण तो करणारेच उरले नाहीत.

आज बेटावर जे सर्वांत जुनं आणि मोलाचं खाणं मिळतं, ते गारिफुना लोकांचं. आफ्रिकी आणि कॅरिब-आरावाक या कॅरिबियनमधल्या मूळ रहिवाशांच्या मिश्रणातून तिथल्याच सेंट व्हिन्सेंट बेटावर हा समाज घडला. जमिनीसाठी ते ब्रिटिशांशी लढले. त्यांचा नेता जोसेफ शातोये १४ मार्च १७९५ रोजी मारला गेला. पुढच्या वर्षी ब्रिटिशांनी चार हजारांहून अधिक लोकांना बालिसो या ओसाड बेटावर कोंडलं, त्यातले निम्मे तिथेच मेले. उरलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांना जहाजांत भरून १२ एप्रिल १७९७ रोजी रोआतानवर उतरवलं. बहुतेक जण लवकरच समोर मुख्य भूमीवर असलेल्या त्रुहियो या बंदराला गेले. जे राहिले, त्यांचं गाव म्हणजे पुंता गोर्दा, होंडुरासमधली सर्वांत जुनी गारिफुना वस्ती.

या माणसांकडे इस्टेट नव्हती, पण कडू कसावा खाण्याजोगा कसा करायचा हे ज्ञान होतं. या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, कच्चा खाल्ला तर जिवावर बेततं. म्हणून बायका एकत्र बसून कंद सोलतात आणि ‘एगी’वर किसतात. एगी म्हणजे बारीक टोकदार दगड ठोकून बसवलेली लाकडी फळी. ओला कीस ‘रुगुमा’त भरतात. ही वेताची विणलेली लांबलचक नळी. ती वर टांगायची, खालच्या टोकाला वजन लावायचं. नळी ताणली जाते तशी आवळत जाते आणि विषारी रस गळून जातो. कोरडा झालेला चोथा ‘हिबिसे’ नावाच्या चाळणीतून चाळतात आणि मोठ्या गरम तव्यावर हाताने पातळ पसरतात. तेल नाही, पाणी नाही. कडा सुटल्या की उलटायची. ही ‘एरेबा’, खाकऱ्यासारखी कडक भाकरी, महिनोन् महिने टिकते. स्पॅनिशमध्ये तिला कसाबे म्हणतात. कसाबे बनवण्याच्या आणि खाण्याच्या परंपरेला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. क्यूबा, डोमिनिकन रिपब्लिक, हैती, होंडुरास आणि व्हेनेझुएला यांनी मिळून तो प्रस्ताव मांडला होता.

रस गळतो तेव्हा भांड्याच्या तळाशी पांढरं सत्त्व बसतं. आपल्या उपवासाचा साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वाचा. कसावा अमेरिकेतून आपल्याकडे आला, आणि उलट दिशेने नारळ गेला: कॅरिबियनमधले नारळ हिंदी महासागरातल्या नारळांचे वंशज आहेत, हे जनुकीय अभ्यासांतून दिसलं आहे. पोर्तुगीज जहाजांनी ते अटलांटिकमध्ये नेले. भाजीची केळीही मूळ आशियातली, ती आफ्रिकेमार्गे तिथे पोचली.

हे सगळं हुदूतमध्ये एकत्र येतं. कच्ची केळी, सोबत एखादं पिकं, उकडून लाकडी उखळात घालतात आणि उंच मुसळाने कांडतात. मुसळ पाण्यात बुडवत राहायचं, नाहीतर केळं चिकटतं. गुळगुळीत गोळा झाला की तो नारळाच्या दुधातल्या माशाच्या कालवणाबरोबर वाढतात. गोळा हाताने तोडायचा, कालवणात बुडवायचा. कोकणातल्या माणसाला चव परकी वाटणार नाही. बेटावर एकच पदार्थ खायला वेळ असेल तर पुंता गोर्दात जाऊन हुदूत खावा. स्पॅनिश बोलणारे त्याला माचुका म्हणतात.

दुसरी लाट केमन बेटांवरून आली. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली, त्यानंतर तिथले गोरे जमीनमालक आणि मुक्त झालेले काळे लोक इथे येऊन राहिले. कॉक्सन होल, फ्रेंच हार्बर, ओक रिज इथे आजही इंग्रजी ऐकू येते ती त्यांच्यामुळे. १८५२ मध्ये ब्रिटनने ही बेटं आपली वसाहत म्हणून जाहीर केली, १८५९ च्या कराराने ती होंडुरासला द्यायचं ठरलं आणि १८६१ मध्ये ताबा गेला. या लोकांनी नारळाच्या दुधातला राजमा-भात, नारळाच्या दुधात मळलेला जॉनी केक आणि मासे, कसावा, केळी एका भांड्यात शिजवलेलं बान्दो रुजवलं. नारळ तेव्हा निर्यातीचं पीकही होतं. १९९० च्या दशकात नारळाची झाडं पिवळी पाडून मारणारा रोग इथे पोचला आणि बागा उजाड झाल्या. ताज्या नारळाचं दूध ही त्यानंतर गृहीत धरण्याची गोष्ट राहिली नाही.

बलेआदा मात्र मुख्य भूमीच्या किनाऱ्यावरची. गव्हाच्या जाड, मऊ पोळीत वाटून परतलेला लाल राजमा, घट्ट साय आणि खारट चीज घालून घडी करायची. उत्तर किनाऱ्याच्या उष्ण, दमट हवेत गहू पिकत नाही. पीठ जहाजांतून यायचं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथली जहाजं म्हणजे केळी कंपन्यांची. न्यू ऑर्लिन्सच्या व्हाकारो बंधूंनी ला सेइबाहून केळी पाठवायला सुरुवात केली, तीच पुढे स्टँडर्ड फ्रूट कंपनी झाली. कामगारांना पोटभर, हातात धरून खाता येईल असं काहीतरी हवं होतं. रोआतानवर बलेआदाचा जम बसला तो पर्यटन वाढल्यावर, कामासाठी मुख्य भूमीवरून आलेल्या माणसांबरोबर. लॉस फुएर्तेससारख्या त्यांच्या वस्तीत सकाळी ती गरमागरम मिळते, आणि हॉटेलपेक्षा तिथेच खावी.

शंखाच्या सूपाबद्दल, म्हणजे सोपा दे काराकोलबद्दल, थोडं थांबून बोलायला हवं. राणी शंखाचं मांस, नारळाचं दूध, कसावा आणि कच्ची केळी घातलेलं हे सूप होंडुरासची ओळख बनलं, आणि त्याच मागणीने शंख संपत आला. १९९२ पासून तो साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, २००३ मध्ये होंडुरासमधून होणारी त्याची निर्यात थांबवावी लागली. त्यामुळे शंख कुठून आला हे विचारूनच सूप मागवावं. काटेरी लॉबस्टरला १ मार्च ते ३० जून बंदी असते, त्या काळात तो ताटात दिसला तर नको म्हणावं. इग्वाना तर कोणत्याच ऋतूत खाऊ नये: काटेरी शेपटीच्या इग्वानाची एक जात जगात फक्त उतिलावर आणि दुसरी फक्त रोआतान आणि त्याच्या लगतच्या बेटांवर उरली आहे, आणि दोन्ही धोक्यात येण्यामागे मांसासाठी होणारी शिकार हे एक मोठं कारण आहे.