राउटरचा हिरवा लाइट म्हणजे नेट चालू? नाही हो!

"हिरवा लाइट लागलाय ना, मग नेट चालूच आहे" हे मी सदाशिव पेठेतल्या सीए ऑफिसपासून भोसरीच्या वर्कशॉपपर्यंत ऐकत आलोय, आणि ते साफ चूक आहे. पॉनचा, म्हणजे फायबर जोडणीचा, हिरवा लाइट एवढंच सांगतो की फायबर तुमच्या डब्यापर्यंत जिवंत आहे, पुढचं त्याला कळतच नाही.

भोसरीत २० तारखेला जीएसटी रिटर्न भरायचा होता, पोर्टल उघडेना, लाइट हिरवागार, राउटरला पिंग ('आहेस का?' अशी हाक मारून उत्तर येतं का बघणं) १ मिलिसेकंदात येतोय आणि बाहेरच्या ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, मारला की ओळीने 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'! राउटरचा पिंग म्हणजे घरातल्या घरात हाक मारणं, रस्ता बंद आहे का ते त्यातून कसं कळणार?

म्हणून दर मिनिटाला बाहेरचे दोन पत्ते तपासा, ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, दोन्ही गेले तरच लाइन डाउन धरा. सोबत एखादी साइट नावाने उघडून बघा, कारण कधीकधी फक्त डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा) गंडलेला असतो. तपासणारं मशीन यूपीएसवरच ठेवा प्लीज, आणि अलर्ट एसएमएसने, नेट गेल्यावर त्याच लाइनवरून ईमेल जाणार कुठून?

आणि ९९.९ टक्के अपटाइम (नेट चालू राहण्याचा वेळ) म्हणजे नेट जाणारच नाही असं नाही, ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद राहिलं तरी तो आकडा खराच ठरतो. नेट कधी गेलं-आलं याचा वेळेसकट लॉग (नोंद) ठेवा, तक्रार करताना तोच कामाला येतो.