प्रोसेसर ६४ बिटचा, विंडोज ३२ बिटची: जुन्या पीसीचा हा घोळ एकदाचा मिटवू या

पंचवटीत मामांकडे असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी४१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, विंडोज ७. दुकानदाराने त्यांना सांगून ठेवलं होतं, "मशीन ३२ बिटचं आहे, यावर नवीन काही चढणार नाही. दुसरं घ्या." मामांनी मला फोन केला, "अरे, एकदा बघून जा. चांगलं चालतंय, भंगारात द्यायला जीव होत नाही."

ते मशीन पहिल्या दिवसापासून ६४ बिटचं होतं. ३२ बिटची होती ती त्यावर टाकलेली विंडोज. हे वाक्य सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत इतक्यांना समजावलंय की आता लिहूनच ठेवतो.

विंडोजबद्दल तुम्हाला ठाऊक आहेच: ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला, आणि ११ अधिकृतपणे अशा मशीनवर बसत नाही. म्हणून लोक लिनक्सकडे, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या मोफत सिस्टीमकडे वळतात आणि ३२ की ६४ इथेच अडखळतात.

बिटचा आकडा म्हणजे एका वेळी किती माहिती हाताळता येते त्याचं माप. प्रोसेसर किती बिटचा आणि त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोज किंवा लिनक्स) किती बिटची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ६४ बिट प्रोसेसरवर ३२ बिट सिस्टीम बिनबोभाट चालते. ३२ बिट प्रोसेसरवर ६४ बिट सिस्टीम चालत नाही. त्या काळी रॅम १-२ जीबीच असायची, म्हणून ३२ बिटचीच सीडी सर्रास टाकली जायची. पुढे रॅम वाढवली, सीडी तीच राहिली.

मामांच्या पीसीवर 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं. रॅमपुढे लिहिलेलं: ४.०० जीबी, त्यातली वापरता येणारी २.९६ जीबी. ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मोजता येतात आणि त्यातलेही काही ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअरकडे जातात. मामांनी पैसे मोजून घेतलेली एक जीबी रॅम इतकी वर्षं पडून होती. त्याखालची 'सिस्टीम टाइप' ही ओळ तर विंडोज ७ मध्ये फक्त सिस्टीमबद्दल बोलते, प्रोसेसरबद्दल अवाक्षर नाही. सगळे फसतात ते तिथेच. विंडोज १० मध्ये त्याच ओळीत पुढे 'एक्स६४ प्रोसेसर' असंही लिहून येतं, ते शेवटपर्यंत वाचा. विंडोज ७ असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या परफॉर्मन्स इन्फर्मेशनच्या तपशिलात '६४-बिट केपेबल' शोधा. मामांकडे 'येस' होतं.

आता डाउनलोड. डेबियन, उबंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या फाइलच्या नावात 'एएमडी६४' असतं. माणूस म्हणतो, माझा प्रोसेसर तर इंटेलचा, आणि 'आय३८६' उतरवतो, कारण आय म्हणजे इंटेल. साफ चूक! ही ६४ बिट रचना आधी एएमडी या इंटेलच्या स्पर्धक कंपनीने आणली, २००३ मध्ये. इंटेलने नंतर तीच स्वीकारली. नाव एएमडीचं राहिलं, फाइल दोघांची. आय३८६ हे १९८५ च्या इंटेल चिपवरून पडलेलं ३२ बिटचं नाव. 'एक्स८६' दिसलं की ८६ मोठा आकडा म्हणून ते चांगलं, असंही मी ऐकलंय. विंडोजच्या डाउनलोडमध्ये एक्स८६ म्हणजे ३२ बिट आणि एक्स६४ म्हणजे ६४ बिट.

खरोखर ३२ बिटचे प्रोसेसरही आहेत: जुने पेंटियम ४, छोट्या नेटबुकमधला अॅटम एन२७०, आणि कोअर ड्युओ. मधला 'टू' नीट बघा. कोअर ड्युओ ३२ बिट, कोअर टू ड्युओ ६४ बिट. तुमचं मशीन यातलं असेल तर अँटीएक्स या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती टाका, पण अपेक्षा माफक ठेवा. लिनक्सवरचं ३२ बिट क्रोम २०१६ मध्येच बंद झालं, फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये नव्या आवृत्त्या थांबवल्या. डेबियन १३ चा ३२ बिट इन्स्टॉलर मिळत नाही.

म्हणूनच "२ जीबी रॅम आहे, ३२ बिट हलकं पडेल" हा सल्ला मला पटत नाही. रॅम थोडी वाचते, पण ब्राउझर हातचा जातो. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर ६४ बिटच टाका. ४ जीबी रॅमला लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, २ जीबीला अँटीएक्सची ६४ बिट.

अपवाद एकच. डीटीपीचं किंवा हिशेबाचं एखादं १६ बिटचं जुनं सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर ३२ बिटची विंडोज काढू नका, कारण ६४ बिट विंडोजवर ते उघडणारच नाही. फक्त त्या मशीनचं इंटरनेट काढून ठेवा.

मामांकडे तसं काही नव्हतं. फोटो आणि वहिनींच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या आणि मिंट टाकलं. ३२ वरून ६४ वर जाताना, अगदी विंडोजमध्येही, अपग्रेड होत नाही, सगळं नव्यानेच टाकावं लागतं. त्यामुळे बॅकअप आधी.