धीर नसलेली बी

आमच्या घरी बियाणं धरायची एक ठरलेली रीत होती. दोडका, भोपळा वेलावरच जून होऊ द्यायचा, बिया काढून उन्हात खडखडीत वाळवायच्या, राखेत घोळून डब्यात भरायच्या. पुढच्या मृगात त्या निमूट उगवायच्या. ॲव्होकाडोची पहिली बी हाती आली तेव्हा मीही तेच केलं. धुतली, गॅलरीत आठवडाभर ऊन दाखवलं आणि मोठ्या आशेनं कुंडीत पुरली. दोन महिन्यांनी उकरून पाहिली तर आत तपकिरी भुसा.

ज्या बियांवर आपली शेती उभी आहे त्या बहुतेक वाळवून टिकणाऱ्या. त्यांच्यातलं पाणी अगदी पाच टक्क्यांपर्यंत उतरलं तरी आतला जीव झोपून राहतो. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेली सुमारे २,००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली पेरली आणि ती उगवली, ती याच जोरावर. पण काही बियांना झोपच येत नाही. फळातून बाहेर पडल्या की लगेच रुजायचं, नाहीतर मरायचं. १९७३ साली ई. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञानं या दोन प्रकारांना नावं दिली. पहिल्या प्रकाराला त्यानं ‘सनातनी’ म्हटलं आणि दुसऱ्याला ‘हेकट’. आंब्याची कोय हेकट, फणसाची आठळीही हेकट. ॲव्होकाडोची बी त्यांच्याच पंगतीतली. म्हणून जगभरची बियाणी गोठवून ठेवणाऱ्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बीजकोशात ही बी ठेवता येत नाही. ॲव्होकाडोच्या जाती जपायच्या तर जिवंत झाडांच्या बागाच राखाव्या लागतात.

हा हेकटपणा येतो झाडाच्या माहेराहून. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं दमट डोंगरी जंगल हे या झाडाचं मूळ घर. जमीन बारमाही ओलसर, मग वाट कशाला पाहायची? तिथे अडचण पाण्याची नसते, उजेडाची असते. दाट सावलीत उगवणाऱ्या रोपाला कितीतरी दिवस स्वतःचं अन्न नीट बनवता येत नाही, म्हणून आईनं शिदोरी जड बांधून दिलेली. बी सोलून पाहिलीत तर हरभऱ्याच्या डाळीसारखी दोन जाडजूड दलं दिसतील. ती सगळी शिदोरीच.

मात्र एवढी बी गिळून दूरवर नेऊन टाकणारा प्राणी आज त्या जंगलात दिसत नाही. डॅनियल जँझेन आणि पॉल मार्टिन यांनी १९८२ साली एक कल्पना मांडली, की अशी फळं नामशेष झालेल्या महाकाय प्राण्यांसाठी घडली असावीत. हत्तीच्या गोतातले गोंफोथेर, जमिनीवर राहणारे राक्षसी स्लॉथ, असे. कल्पना मोहक आहे आणि मला ती पटते, पण तिचा थेट पुरावा मिळणं अवघडच. पुढे हे काम माणसानं उचललं. मेक्सिकोतल्या तेहुआकान खोऱ्यातल्या गुहांमध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या ॲव्होकाडोच्या बिया सापडल्या आहेत.

तर बी ओली असतानाच लावायची. वरची तपकिरी साल सोलली तर रुजवण थोडी लवकर होते. रुंद, चपटी बाजू खाली आणि टोक वर. तीन-चार टूथपिक टोचून ती पेल्याच्या काठावर अडकवायची आणि तळ पाण्यात बुडवायचा, ही पद्धत लोकप्रिय आहे. टूथपिक दलांत रुततात, दोन दलांच्या मधला गर्भ सुखरूप राहतो. खरं सांगायचं तर बी सरळ मातीत अर्धी पुरली तरी काम होतं. पण पेल्यात सगळं दिसतं, आणि निम्मी मजा त्यातच आहे. दोन ते सहा आठवड्यांत बी मधोमध तडकते, खालून पांढरं सोटमूळ उतरतं. कोंब त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्याच भेगेतून डोकं काढतो. सुरुवातीला त्याला धड पानंही नसतात, नुसते खवल्यासारखे तुकडे. शिदोरीवर भागतंय तोवर पानांची घाई नाही. रोप मोठं झालं तरी बी तोडून टाकू नका, ते अजून तिच्यावरच जेवत असतं.

पेल्यातलं पाणी मात्र चार-पाच दिवसांनी बदलायलाच हवं. मुळांना प्राणवायू लागतो हे एक कारण. दुसरं कारण आपल्या हवेत जास्त महत्त्वाचं. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यावर टपलेला असतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि अंडी काचेला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात. तेव्हा पाणी ओतल्यावर पेला आतून घासायचाही.

कुंडीत आल्यावर या झाडाचं जंगल आणखी जाणवतं. त्याच्या मुळांवर आपल्या ओळखीचे मूळरोम जवळपास नसतातच. कुजणाऱ्या पानांच्या भुसभुशीत थरात पसरायची त्यांना सवय. त्यांना नुसती काळी माती दिली तर ती पाणी धरून बसते, मुळं गुदमरतात आणि कुजतात. लाल माती, कोकोपीट, शेणखत आणि थोडी जाड रेती असं मिश्रण बरं. वर वाळक्या पानांचा थर घातला की रोपाला माहेरी आल्यासारखं वाटत असावं.

हमखास येणारी तक्रार म्हणजे पानांची टोकं करपणं. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि ते आणखी ओततात. हवा कोरडी असेल तरी टोकं वाळतात, पण आपल्याकडे बहुधा गुन्हेगार असतो क्षार. फळझाडांमध्ये ॲव्होकाडो क्षारांच्या बाबतीत फारच नाजूक. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून उडून जातं, त्यातलं क्लोराइड मागे राहतं आणि टोकाशी, कडांशी साठत जातं. बोअरचं पाणी म्हणूनच सोसत नाही. काटकसरी घरांत आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालतात. त्यात क्षार एकवटलेले असतात, या झाडाला तर ते विषच. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. ते नसेल तर महिन्यातून एकदा साधं चांगलं पाणी कुंडीखालून वाहून जाईपर्यंत घालावं.

रोप फूटभर झालं की शेंडा खुडायचा. जीव कासावीस होतो, पण खुडला नाही तर ते काठीसारखं छताकडे जातं. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना दबवून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे फुटतात.

घरात पिंजऱ्यातला पोपट किंवा लव्हबर्ड्स असतील तर कुंडी त्यांच्यापासून लांब ठेवा. पानांत पर्सिन नावाचं द्रव्य असतं, ते पक्ष्यांच्या जिवावर बेततं. शेळ्या, ससे यांनाही ते बाधतं.

आणि फळ? हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. बियांपासूनचं झाड फुलायलाच पाच ते पंधरा वर्षं घेतं. फुलांचं वेळापत्रकही अजब. प्रत्येक फूल दोनदा उमलतं, आधी मादी म्हणून, मग मिटून दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही झाडं सकाळी मादी असतात, काही दुपारी, त्यामुळे एकट्या झाडाला जोडीदार मिळणं कठीण. शिवाय आलंच फळ तर ते आईसारखं नसणार. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, मिळतो तो रायवळ. इथेही तेच.

पण अशा एका रायवळानंच इतिहास घडवला. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास या पोस्टमननं १९२०च्या दशकात काही बिया लावल्या, त्यांवर ‘फुएर्ते’ जातीची कलमं बांधायला. एका रोपावर कलम काही केल्या धरेना. ते तोडायचं ठरत होतं, पण राहिलं. त्याला आलेली काळपट, खरबरीत सालीची फळं मुलांना भारी आवडली, अशी गोष्ट सांगतात. १९३५ साली हासनं त्या झाडाचं पेटंट घेतलं. आज जगभर विकले जाणारे बहुतेक ॲव्होकाडो त्याच एका झाडाच्या कलमांवरचे. मूळ झाड मूळकुजीनं २००२ साली गेलं.

माझं दुसरं रोप आता चार फुटांचं आहे, पूर्वेच्या खिडकीत. फुलाचं नाव नाही. परवा एक पान चुरगळून हुंगलं तर बडीशेपेचा पुसट वास आला. हा वास मेक्सिकन वंशाची खूण. झाड दालचिनी-तमालपत्राच्या कुळातलं, तेव्हा पानाला वास असणारच म्हणा. मेक्सिकोत ही पानं घेवड्याच्या उसळीत घालतात. आमच्या उसळीत मी अजून घातलेली नाहीत.