पलटण थोरली, रेजिमेंट धाकटी

कामठी रोडवरच्या एका सभागृहात माजी सैनिकांचा सत्कार होता. मागे भलामोठा फ्लेक्स: 'गार्ड्स रेजिमेंटची २५० गौरवशाली वर्षे'. शाल-श्रीफळ घेता घेता ३ गार्ड्सचे (म्हणजे गार्ड्सच्या तिसऱ्या पलटणीचे) एक सुभेदार साहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "बारसं कोणाचं अन् पेढे कोणाले!"

पलटणीचं वय रेजिमेंटला चिकटवायचा हा घोळ वाचून वाचून मी कंटाळलोय. रेजिमेंट म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको. गार्ड्सचं केंद्रच आपल्या कामठीत आहे. 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' या नावात ब्रिगेड असली तरी ती रेजिमेंटच, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

अडतं ते पलटणीपाशी. पलटण म्हणजे बटालियन, साधारण आठशे जवान आणि त्यांचा एक कर्नल. पायदळात रेजिमेंट नाव देते, बिल्ला देते, रंगरूट घडवते. लढायला जाते ती पलटण, आणि तीही बहुधा दुसऱ्याच रेजिमेंटांच्या पलटणींसोबत. (तोफखान्यात नि रणगाड्यांत रेजिमेंटच पलटणीएवढी असते, पण तो गुंता आज नको.)

म्हणून दोघींचं वय वेगळं. गार्ड्स उभी राहिली १९४९ साली, जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने, सगळ्या जातीधर्मांचे जवान एकत्र घेऊन. पण सुरुवातीच्या चार पलटणी नव्या भरतीच्या नव्हत्याच. पंजाब रेजिमेंटची दुसरी आणि ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स, राजपूत या रेजिमेंटांच्या पहिल्या पलटणी उचलून आणल्या होत्या. त्यातली राजपुताना रायफल्सची पलटण १७७५ ची. तीच ३ गार्ड्स झाली. बाप १९४९ चा, लेक १७७५ चा!

उलटही होतं. १९७१ च्या युद्धात आजच्या बांगलादेशातल्या गंगासागरला लढताना धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते लान्स नायक अल्बर्ट एक्का १४ गार्ड्सचे. ही पलटण रेजिमेंटच्याही नंतरची. तिच्या पराक्रमाला अडीचशे वर्षांचं शेपूट कशाला जोडायचं? ती मुळात कुणाच्या उसन्या वयावर उभी नाही.

मला विचाराल तर पत्रिकेत आधी पलटणीचा आकडा लिहा, मग साल. नुसतं 'रेजिमेंट' लिहून मोकळं होणं हा निव्वळ आळस.

कार्यक्रम संपल्यावर आयोजकाला हे सगळं सांगितलं. तो बिचारा ओशाळला. "मग २५० खोडून ७५ करू का?"

"आकडा राहू द्या बाप्पा," सुभेदार साहेब म्हणाले, "रेजिमेंट खोडा."