डिजिटल स्वाक्षरी आणि गोपनीयता

डिजिटल स्वाक्षरी दोनच गोष्टी सिद्ध करते: दस्तऐवजावर सही कोणाची आहे आणि सहीनंतर त्यात फेरफार झाला का. मजकूर ती लपवत नाही. सही केलेली पीडीएफ ज्याच्या हाती पडेल त्याला वाचता येते. ती झाकायची तर कूटलेखन (एन्क्रिप्शन) वेगळे करावे लागते. सही केली की मजकूरही गुप्त राहतो, हा गैरसमज जुनाच आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने या स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. नागपुरात ई-निविदा भरणारे कंत्राटदार, कंपन्यांचे संचालक आणि सीए यांना ती रोज लागते. शेतकऱ्याला ती दिसते ऑनलाइन काढलेल्या सातबाऱ्यावर.

खरा प्रश्न सहीसोबत जाणाऱ्या, ती कोणाची हे सांगणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राचा आहे. सहीवर क्लिक केले की सही करणाऱ्याचे नाव, राज्य आणि ४४०० ने सुरू होणारा नागपूरचा पिनकोड समोर येतो. पॅन थेट दिसत नाही, त्याचा शा-२५६ हॅश, म्हणजे उलट फिरवता न येणारा गणिती ठसा असतो. पण हे पांघरूण तोकडे आहे. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर ‘पी’ आणि पाचवे बहुधा आडनावाचे आद्याक्षर असते, आणि नाव तर प्रमाणपत्रातच लिहिलेले असते. उरतात सुमारे ४५७ कोटी शक्यता. आजच्या संगणकाला त्या सगळ्या तपासून पाहणे अवघड नाही. म्हणून सही केलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याआधी विचार केलेला बरा.

खासगी कळ, म्हणजे सही तयार करणारी गुप्त संख्या, यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘डोंगल’मध्ये राहते. धरमपेठेपासून इतवारीपर्यंत अशिलांचे डोंगल सीएच्या ड्रॉवरमध्ये, नावाची चिठ्ठी चिकटवून आणि पिनसकट ठेवण्याची पद्धत आहे. सोय होते खरी, पण याच अधिनियमाच्या कलम ४२ नुसार कळ स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी धारकाचीच असते, आणि ती फुटल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या प्रमाणन प्राधिकाऱ्याला विनाविलंब कळवावे लागते. दुसऱ्याची स्वाक्षरी लबाडीने वापरल्यास कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

टोकनशिवाय, आधारच्या पडताळणीवर होणाऱ्या ई-साइनमध्ये सही देणाऱ्या सेवेकडे दस्तऐवज नव्हे, त्याचा फक्त हॅश जातो आणि कळ एकदाच वापरली जाते. मात्र ज्या संकेतस्थळावर फाइल चढवली, त्याच्याकडे ती पूर्ण पोचलेली असते.

गोपनीयता जपणाऱ्या सहीच्याही रीती आहेत: कूटशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांची १९८२ ची अंध स्वाक्षरी, जिच्यात सही करणाऱ्याला मजकूर दिसत नाही, आणि २००१ ची वलय स्वाक्षरी, जिच्यात गटातल्या नेमक्या कोणी सही केली ते कळत नाही. निविदा किंवा विवरणपत्रासाठी त्या निरुपयोगी आहेत, कारण तिथे कोणी आणि कशावर सही केली हेच कायद्याला हवे असते.