नळाच्या पाण्यापासून पेशीतल्या साठ्यापर्यंत

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. पेशंटच्या उशाशी बसलेल्या कुणालाही विचारा, 'आरएल लावलंय' हे उत्तर नेहमीचं. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट. त्या बाटलीत मिठाबरोबर थोडं कॅल्शियमही असतं, आणि ते का असतं याची गोष्ट फार सुंदर आहे.

सिडनी रिंगर हे लंडनमधले डॉक्टर. मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहतं, असं त्यांना आधी दिसलं होतं. मग कळलं, की ते द्रावण नळाच्या पाण्यात केलेलं होतं. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी वापरल्यावर हृदय आकुंचन पावेना. किंचित कॅल्शियम घातलं आणि ते पुन्हा चालू लागलं. आपल्याकडे बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर धरतो ना, त्यातलंच हे कॅल्शियम. १८८३ मध्ये रिंगरनी आपल्या आधीच्या निबंधातली ही गफलत स्वतःच छापून सांगितली. मला तो कबुलीजबाब शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

पेशीत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतं. पेशीतले प्रथिनांचे पंप ते सतत बाहेर उपसतात, नाहीतर आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्याच एका जाळीदार कोठारात, भरून ठेवतात. म्हणून जरासं सुटलं तरी पेशी लगेच जागी होते. पण बरीच संप्रेरकं पेशीच्या दारातच थांबतात, आत येत नाहीत. मग कोठाराचं कुलूप कोण काढतं?

अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांनी १९५० च्या दशकात यकृताच्या पेशींमध्ये असा आतला निरोप्या दाखवला होता, सायक्लिक एएमपी. कॅल्शियमचा निरोप्या मात्र वेगळा निघाला. १९५३ मध्ये मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्यानं कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांवर ॲसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचं निरोप्या रसायन घातलं, तर पेशीपटलातल्या एका मेदाची उलाढाल वाढली. कशासाठी, हे उमगायला तीस वर्षं गेली. केंब्रिजचे मायकेल बेरिज माशीच्या लाळग्रंथींवर काम करता करता त्या मेदाकडे वळले. १९८३ मध्ये, रिंगरनंतर बरोबर शंभर वर्षांनी, त्यांनी फ्रँकफर्टच्या सहकाऱ्यांसह उंदराच्या स्वादुपिंडाच्या पेशींना बारीक छिद्रं पाडून आत इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट सोडलं. साठ्यातलं कॅल्शियम भळकन बाहेर आलं. हा त्या मेदाचाच तुटलेला तुकडा होता.

साठा रिता झाला की पेशी बाहेरून कॅल्शियम आत घेते, असं जेम्स पुटनी यांनी १९८६ मध्ये मांडलं. रितेपणाची ती खबर दारापर्यंत पोचवणारं प्रथिन, स्टिम, २००५ मध्ये सापडलं. ते जालिकेच्याच भिंतीत बसलेलं होतं.